पुरानंतरची करवत

बँडसॉ हे यंत्र आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी जवळून पाहिले असेल, पण त्याच्यावर कापलेली एकही वस्तू नाही असे घर सापडणे कठीण. पोळपाटाचा गोल, पाळण्याच्या कडेची कमान, खुर्चीच्या पाठीचा बाक, कुरआन शरीफ ठेवायच्या रेहलचे वळणदार पाय, ही सगळी कामे याच्यावर होतात. सरळ चिरायला गोल पात्याची करवतही चालते. वळण घ्यायचे म्हटले की अरुंद पट्टीचे पातेच लागते, आणि बँडसॉमध्ये ते सतत एकाच दिशेने फिरत राहते. माणसाहून उंच लोखंडी साचा, वर एक चाक, खाली एक चाक, आणि त्या दोघांवरून पट्ट्यासारखे फिरणारे दात्यांचे पाते. मधल्या मेजावर लाकूड ठेवायचे आणि हाताने वळवत पुढे सारायचे.

चिपळूणला आमच्या अब्बांचे लाकूडकामाचे दुकान आहे. फणस, साग, शिवण, मिळेल ते लाकूड. मी तिथेच लहानाची मोठी झाले, पण यंत्राशी माझा संबंध भुसा झाडण्यापुरता होता. पुढे बी.एड. केले, उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवू लागले. दुकान अब्बा, धाकटा भाऊ आणि एक जुने मिस्त्रीचाचा यांचे. मीही कधी या यंत्रात डोके घालेन असे घरात कुणाला वाटले नव्हते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. आमच्या दुकानात पाणी बँडसॉच्या वरच्या चाकापर्यंत चढले होते. ओसरले तेव्हा सगळीकडे गुडघाभर चिखल, आणि त्या चिखलात लाकडे फुगून पडलेली. ज्यांनी तो पूर भोगला आहे त्यांना जास्त सांगायला नको. अब्बांना त्याच्या आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात जवळपास निकामी, आणि वाचा गेलेली. पूर्ण गेली नव्हती. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. समजते सगळे, पण शब्द ओठावर येत नाही, किंवा भलताच शब्द येतो. पाणी हवे असेल तर "दार" म्हणतील. पन्नास वर्षे ज्यांनी ते यंत्र चालवले त्यांना त्याच्याबद्दल एक वाक्य बोलता येईना, आणि ज्याला चालवायचे होते त्या माझ्या भावाला ते सुरू कसे करायचे हे माहीत, बिघडले तर काय करायचे ते माहीत नाही. नेहमी अब्बाच सगळे लावून द्यायचे.

भावाने मोटर रिवाइंड करून आणली. चाकांवरचे रबर पाण्याने सुटले होते, ते नवे चढवले. बेअरिंग गंजली होती, ती बदलायला एक बाहेरचा मेकॅनिक बोलावला. त्याने दोन्ही चाके उतरवली, बेअरिंग घातली, चाके परत बसवली आणि पैसे घेऊन गेला. यंत्र सुरू केले की पाते पुढच्या बाजूला सरकत यायचे आणि चाकावरून घसरून धाडकन दारावर आदळायचे. मेकॅनिकला पुन्हा बोलावले. त्याने वरचे चाक जेवढे मागे झुकेल तेवढे झुकवले, आणि पाते धरून ठेवणारे गाइड दोन्ही बाजूंनी आवळून टाकले. पाते जागेवर राहिले. दोन दिवसांनी ते तुटले. दुसरे घातले, तेही चौथ्या दिवशी तुटले. तिसरे तुटले तेव्हा त्याचा तुकडा मिस्त्रीचाचांच्या कानाजवळून गेला.

त्या संध्याकाळी भाऊ घरी येऊन म्हणाला, "आपा, आता बस्स. भंगारवाला किलोने घेतोय, देऊन टाकूया. मी कुवेतला जातो."

आपल्या कोकणात हे वाक्य नवे नाही. प्रत्येक घरातला कुणी ना कुणी आखातात आहे. पण त्याच्या दोन मुली लहान होत्या, अब्बांना उचलून बसवायला घरात दुसरा पुरुष नव्हता, आणि एका मदरशाची दीडशे रेहलांची ऑर्डर आली होती, रमजानच्या आधी द्यायची. आगाऊ रक्कम पुराच्या उधारीत संपून गेली होती. ती परत करायची तर कुठून? मी त्याला एवढेच म्हटले, की मला दोन रविवार दे, मग तुला जे करायचे ते कर.

यंत्र समजून घ्यायचे तर पहिला प्रश्न हा, की पाते चाकावर टिकते तरी कसे? चाकाच्या कडेला कसलाही काठ नसतो, खोबण नसते. गाइड आहेत, पण त्यांचे काम वेगळे. ज्यांनी भाताची जुनी गिरणी पाहिली असेल त्यांना रुंद सपाट पट्टा आठवेल. इंजिनापासून गिरणीपर्यंत पळणारा, आणि तरीही चाकावरून न घसरणारा. त्या चाकाचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण मधोमध किंचित फुगीर असतो. आपल्याला वाटेल की फुगवट्यावरून पट्टा खाली घसरेल. होते नेमके उलटे. पट्ट्याची जी कड उंच भागावर असते ती जास्त ताणली जाते, त्यामुळे पट्टा जरासा वळतो आणि त्याचा पुढचा भाग चाकावर येतो तो आणखी उंचाकडे येतो. असे करत करत पट्टा माथ्यावर जाऊन बसतो. बँडसॉच्या चाकावरचे रबर याच कारणाने मध्ये फुगीर ठेवलेले असते. (काही मोठ्या, रुंद पात्यांच्या यंत्रांची चाके सपाट असतात आणि तिथे दाते चाकाच्या पुढच्या कडेबाहेर ठेवतात. आपले यंत्र कोणत्या जातीचे ते आधी पाहावे.)

हे मी पुस्तकातून आणि यंत्रासोबत आलेल्या जुन्या माहितीपत्रकातून वाचले. माहितीपत्रकाची पाने पुरात एकमेकांना चिकटली होती, ती पंख्याखाली वाळवून एकेक सोडवली. वाचताना एक गोष्ट कळली ती इथे सांगावीशी वाटते. बँडसॉची कल्पना लंडनच्या विल्यम न्यूबेरी याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती, पण ती जवळजवळ चाळीस वर्षे कागदावर पडून राहिली. कारण पट्टीची दोन टोके जोडून गोल करायची, तर तो जोड टिकेना. थोडा वेळ फिरला की तुटे. जोड टिकवण्याची रीत शोधली फ्रान्सच्या एका बाईंनी, आन पोलिन क्रेपँ यांनी, आणि १८४६ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते हक्क विकत घेतले. लाकूडकामाच्या दुकानात बाईचे काय काम, असे आमच्याकडे येणारे एक गिऱ्हाईक मला पाहून म्हणाले होते. त्यांना मी हे ऐकवले. त्यांनी "असेल, असेल" म्हटले आणि पोळपाटाच्या भावात घासाघीस सुरू केली.

आता आमचे यंत्र. पहिल्या रविवारी फजरनंतर आम्ही दुकान उघडले. भाऊ, मिस्त्रीचाचा, मी, आणि रिक्षातून आणून खुर्चीवर बसवलेले अब्बा. सगळ्यात आधी प्लग काढून तो मेजावर सर्वांना दिसेल असा ठेवला. बटण बंद आहे म्हणून भागत नाही. ज्या यंत्रात हात घालायचा त्याची वायरच डोळ्यांसमोर हवी. मी ओढणी मागे घट्ट बांधली. पात्याला हात लावताना चामड्याचे हातमोजे घालायचे, पण यंत्र चालू असताना लाकूड सारताना मोजे अजिबात नको, कारण मोज्याचा धागा पात्यात गेला तर तो हातालाही सोबत घेऊन जातो. हा नियम अब्बांचा, मी लहानपणापासून ऐकलेला.

आवळलेले गाइड आधी पूर्ण मोकळे केले, वरचेही आणि मेजाखालचेही. गाइड पात्याला चिकटलेले असतील तर पाते स्वतःहून कुठे जाऊ पाहते हे कळतच नाही. मेकॅनिकने केले होते ते असे, की मूल रांगेतून बाहेर जाते म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचे, ते का जाते हे बघायचेच नाही. गाइडमध्ये घासून पाते तापते, दोन्ही चाकांवर वेडेवाकडे वाकते, आणि दात्यांच्या खाचेत बारीक तडा सुरू होतो. तीन पाती अशीच गेली होती. तुटलेले तुकडे मी उन्हात धरून पाहिले, तर तुटल्या जागेशिवाय आणखी दोन-तीन खाचांत केसाएवढ्या तडा होत्या.

गाइड मोकळे करून पाते ताणले आणि वरचे चाक हाताने फिरवले. एका फेऱ्यातच पाते पुढे आले. वरच्या चाकामागे एक फिरकी असते, ती फिरवली की चाकाचा माथा मागे किंवा पुढे झुकतो. माथा मागे झुकवला की पाते मागे सरकते, पुढे झुकवला की पुढे. आमचे चाक आधीच शेवटच्या टोकापर्यंत मागे झुकलेले, आणि तरी पाते पुढे येत होते. म्हणजे रोग झुकावात नव्हता.

तेव्हा अब्बा खुर्चीतून डाव्या हाताने काहीतरी दाखवू लागले. बोटे एकमेकांवर ठेवून, जणू चिमटीत काही धरले आहे असे. आणि म्हणाले, "रुपया."

भाऊ म्हणाला, "पैशांचं बघू आम्ही अब्बा, तुम्ही काळजी करू नका." अब्बा चिडले. पुन्हा "रुपया, रुपया" आणि चाकाच्या मधल्या भागाकडे बोट. वर्गात मी पहिलीच्या मुलांची अर्धी वाक्ये रोज पुरी करते. मूल जो शब्द उच्चारते त्याकडे कमी आणि बोट कुठे आहे तिकडे जास्त पाहायचे, हे आमच्या धंद्याचे पहिले शिक्षण. गोल, चपटे, चिमटीत मावणारे, चाकाच्या मधोमध. मी मिस्त्रीचाचांना विचारले, "चाकाच्या मागे वायसर होते का हो?"

चाचांनी कपाळावर हात मारला. दोन होते! बेअरिंगच्या मागे, दांड्यावर. वीस-बावीस वर्षांपूर्वी अब्बांनीच घातले होते. मेकॅनिकने चाक उतरवले तेव्हा ते चिखलात पडले असतील आणि झाडणीत गेले असतील.

दोन वायसरांनी काय होते, असे वाटेल. बँडसॉची दोन्ही चाके एका पातळीत हवीत. एखादी लांब सरळ पट्टी उभी धरली तर ती वरच्या चाकाच्या माथ्याला, त्याच्याच खालच्या कडेला, आणि खालच्या चाकाच्याही दोन्ही कडांना एकाच वेळी टेकली पाहिजे. एक चाक दुसऱ्याच्या मागे असेल तर पाते खालच्या चाकावरून सरळ येते आणि वरच्या चाकाच्या पुढच्या कडेला पडते. शिलाई मशीनचा पट्टा आठवा. खालचे मोठे चाक आणि वरचे छोटे चाक एका रेषेत नसतील तर पट्टा पुन्हा पुन्हा उतरतो, कितीही नवा घाला.

आम्ही मेज सोडवून बाजूला ठेवले, कारण ते मध्ये असताना पट्टी सरळ लागत नाही. शेजारच्या गवंड्याकडून प्लास्टर सारखे करायची सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणली. ती स्वतः सरळ आहे का हे आधी पाहिले. एका बाजूने भिंतीवर रेघ मारायची, पट्टी उलटून त्याच रेघेला लावायची, मध्ये फट दिसली तर पट्टी वाकडी. आमची सरळ निघाली. एक गोष्ट मात्र विसरू नये. हे माप पाते ताणलेले असतानाच घ्यायचे. ताण आला की लोखंडी साचासुद्धा किंचित वाकतो आणि सैल पात्यावर घेतलेले माप खोटे ठरते. आधी वरच्या चाकाचा झुकाव काढून ते ओळंब्यात उभे केले, मग पट्टी लावली. खालच्या चाकाला दोन्ही कडांवर टेकली. वरच्या चाकापाशी दीड सूत फट. वरचे चाक तेवढे मागे गेले होते.

खेर्डीच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून दांड्याच्या मापाचे दोन वायसर करून घेतले, दोन्ही मिळून दीड सूत जाडीचे. बाजारातला वायसर चालला नसता. भोक सैल असेल तर चाक डुलते. दुसऱ्या रविवारी ते घातले, नट आवळला, पट्टी लावली. चारही ठिकाणी टेकली. फिरकी मध्यावर ठेवून चाक हाताने फिरवले, आणि पाते आपोआप मध्याकडे गेले. फिरकी जराशी मागे फिरवली तेव्हा ते आम्हाला हवे तिथे येऊन थांबले. मी "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले. भाऊ काही बोलला नाही, पण त्याने चाक आणखी दहा-बारा वेळा फिरवून पाहिले.

काही कारागीर म्हणतात की चाके एका पातळीत असलीच पाहिजेत असे नाही, चालत असेल तर हात लावू नये. माझ्या मते त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण मर्यादेत. फुगीर चाक केसभर फरक सांभाळून घेते, आणि अरुंद पाते तर जास्तच सांभाळते. त्या केसभरासाठी आठवडाभर दुकान बंद ठेवणे शहाणपणाचे नाही. दीड सुताचा फरक मात्र कोणतेही चाक सांभाळणार नाही, आणि फिरकी शेवटच्या टोकापर्यंत न्यावी लागते तेव्हाच समजावे की आपण दुखणे दाबतो आहोत.

पाते चाकावर नेमके कुठे चालावे यावरही मतभेद आहेत. आम्ही दात्यांमधली खाच फुगवट्याच्या मध्यावर येईल असे ठेवतो. असे ठेवले तर कापताना पाते एका बाजूला कमी ओढते असा आमचा अनुभव. पाते कुठेही चालवले की मग लाकूड सरळ सारले तरी चीर तिरकी जाते आणि माणूस दोष आपल्या हाताला देतो.

एवढे होऊनही यंत्र सुरू केले तेव्हा एक आवाज राहिला. टक्... टक्... टक्. पाते क्षणभर मागेपुढे व्हायचे. भाऊ म्हणाला नवे रबर फुगले असणार. मिस्त्रीचाचा म्हणाले बेअरिंग. मी खडू मागितला. वरच्या चाकावर एक खूण केली, पात्यावर एक, आणि प्लग काढून चाक हाताने हळूहळू फिरवले. आमचे चाक १८ इंचांचे, त्याचा परीघ साधारण साडेछप्पन इंच. पाते पावणेअकरा फुटांचे, म्हणजे १२९ इंच. तेव्हा चाकाचे सव्वादोनच्या वर फेरे झाले की पात्याची खूण परत येते. धक्का चाकाच्या खुणेबरोबर येत असेल तर दोष रबरात, चाकात किंवा बेअरिंगमध्ये. पात्याच्या खुणेबरोबर येत असेल तर पात्याच्या जोडात. धक्का पात्याच्या खुणेबरोबर आला. जोड पाहिला तर मागची कड दोन्ही टोकांची एका रेषेत नव्हती, आणि वेल्डिंगचा उंचवटाही राहिला होता. उंचवटा दगडावर घासून गेला असता, पण वाकडा जोड घासून सरळ होत नाही. ते पाते ज्याने जोडले त्याच्याकडे परत केले. तो कटकट करत का होईना, बदलून देतो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात हेच गणित मी आमच्या गणिताच्या सरांना दिले. त्यांनी ते आठवीच्या वर्गात घेतले. दोन सारखी चाके, मधले अंतर अमुक, तर पात्याची लांबी किती? परीघ अधिक अंतराची दुप्पट. मुलांना सूत्र पाठ होते, पण त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांची सॉ मिल आहे आणि तो पहिल्यांदाच फळ्याकडे आला, असे सर म्हणाले.

मग गाइड. ते सगळ्यात शेवटी लावायचे, पाते स्वतःच्या मनाने नीट चालू लागल्यावर. बाजूचे गाइड खाचांच्या थोडे मागे, म्हणजे दात्यांना ते लागू नयेत. लागले तर दात्यांची धार जाते आणि डावी-उजवीकडे वळवलेले दाते सरळ होऊन बसतात. पाठीमागचे बेअरिंग असे, की यंत्र रिकामे फिरताना पाते त्याला लागू नये, आणि लाकूड सारताच टेकावे. फट किती ठेवायची यावर भाऊ नि चाचा वाद घालत होते तेव्हा अब्बा म्हणाले, "कागद." या वेळी शब्द बरोबर आला होता. भाऊ तरीही उठून कपाटातली दुकानाची फाइल घेऊन आला. अब्बांनी ती बाजूला ढकलली, माझ्या पर्समधून बाहेर आलेले हजेरीचे पान ओढून घेतले, त्याचा कोपरा फाडला आणि पात्याच्या नि गाइडच्या मध्ये धरला. कागद अडकू नये आणि लोंबकळूही नये, एवढी फट. दोन्ही बाजूंना, वर आणि खाली. तो कोपरा अजून यंत्राच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

ताणाबद्दल आमची रीत साधी. गाइड लाकडाहून वीतभर वर नेऊन पात्याला बोटाने बाजूने दाबायचे. दोन सुतांपेक्षा जास्त हलले तर सैल, मुळीच हलले नाही तर फाजील. यंत्राच्या काट्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, स्प्रिंग जुनी झाली की तो थापा मारतो. रात्री दुकान बंद करताना ताण उतरवून ठेवायचा, नाहीतर रबरावर एकाच जागी खड्डा पडतो. अब्बा रोज हे करायचे. शेवटचे काम तेच असायचे, आणि आम्हा मुलांना ती फिरकी फिरवायला मिळावी म्हणून आम्ही भांडायचो.

रेहलांचे लाकूड फणसाचे होते. फणसाचा चीक आणि सागाचे तेल, दोन्ही चाकावर भुशासकट बसतात आणि रबरावर गाठी तयार करतात. अशी गाठ आली की पाते तिच्यावर चढते, हलते, आणि आपल्याला वाटते की पुन्हा चाके बिघडली. चाचा आता दर दोन-तीन तासांनी यंत्र थांबवून, प्लग काढून, ताठ ब्रशने चाक साफ करतात. पुरानंतर आणखी एक त्रास सुरू झाला होता. पडलेल्या घरांचे वासे, चौकटी लोक स्वस्तात आणून द्यायचे, आणि त्यांत खिळे. एका खिळ्याने पात्याच्या एका बाजूचे दाते बोथट होतात. मग पाते धारदार बाजूकडे ओढते आणि चीर रेघ सोडून जाते. चाके बरोबर, गाइड बरोबर, आणि तरी चीर तिरकी असेल तर दाते बघावेत. भावाने स्पीकरमधले एक जुने लोहचुंबक दोरीला बांधले आहे. जुने लाकूड आले की आधी ते त्याच्यावरून फिरवतो.

मेजही गुण्याने तपासावे लागले, कारण आम्ही ते सोडवले होते. आणि वरचा गाइड लाकडापासून दोन सुतांवर आणून ठेवायचा. उघडे पाते जेवढे कमी, तेवढी बोटे सुरक्षित. दुकानात कामाला येणारा पोरगा सोळाचा होता. त्याला मी पहिले महिनाभर फक्त खडू आणि ब्रश दिला.

रमजान त्या वर्षी ३ एप्रिलला सुरू झाला. दीडशे रेहल मार्चअखेर टेम्पोत चढल्या. एकही पाते तुटले नाही. एक झिजले, ते बदलले. मदरशातून मौलाना स्वतः आले होते. त्यांनी एक रेहल उघडून, मिटून पाहिली आणि अब्बांच्या डाव्या हाताशी मुसाफा केला.

भावाने एजंटकडचा पासपोर्ट परत आणला. पण त्याची मुदत संपत आली तेव्हा नवा करूनही ठेवला, आणि मी त्याला त्याबद्दल काही विचारले नाही. दुकानाची उधारी अजून फिटलेली नाही. अब्बांचे शब्द थोडे थोडे परत येत आहेत, यंत्राचे आधी आणि घरातले नंतर. "ब्लेड", "वायसर", "ढिला" स्पष्ट म्हणतात. माझे नाव अजून चुकते, मला ते बहुतेक वेळा चाचांच्या नावाने हाक मारतात.

गेल्या आठवड्यात नवी पाती आली, चार. भावाने एकेक उलगडून जोडाची मागची कड पोलादी पट्टीला लावून पाहिली. दोन ठेवली, दोन परत केली. ठेवलेल्यांतले एक चढवल्यावर त्याने माझ्याकडे खडू मागितला. मी शाळेतून तशीच आले होते, पर्समध्ये दोन होते, दोन्ही देऊन टाकले.